वयाचा दाखला

शाळाशाळांमधून होणाऱ्या वादविवाद स्पर्धांत काही विषय वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले आहेत. विज्ञान हे शाप की वरदान, खेडे बरे की शहर, या जुन्या मानकऱ्यांच्या पंक्तीला गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे. गंभीर गुन्हा करणाऱ्या अल्पवयीन मुलास प्रौढ माणसाप्रमाणे शिक्षा व्हावी काय, हा तो विषय. चौदा-पंधरा वर्षांची मुले व्यासपीठावर येतात. एक पक्ष समाजाच्या सुरक्षिततेचा हवाला देतो, दुसरा कोवळ्या वयाची कणव भाकतो. टाळ्या दोघांनाही पडतात. परीक्षक उच्चार, आवेश आणि वेळेचे भान यांना गुण देतात आणि फिरती ढाल एका शाळेच्या कपाटातून दुसऱ्या शाळेच्या कपाटात जाते. ज्या कायद्याविषयी एवढ्या तावातावाने बोलणे झाले, तो कायदा वक्त्यांपैकी कोणी उघडून पाहिला होता काय, याला मात्र गुणपत्रिकेत रकाना नसतो.

खरे पाहता मुलांच्या इतका जवळचा विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरा क्वचितच सापडेल. मतदानाचा हक्क त्यांना अठराव्या वर्षी मिळणार. करार, मालमत्ता, विवाह या गोष्टीही अद्याप पुढच्याच. परंतु बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा त्यांना आजच लागू आहे. वर्गातील ज्या मुलाला गेल्या महिन्यात सोळावे वर्ष पूर्ण झाले, तो आणि त्याच्याच बाकावर बसणारा पंधरा वर्षांचा त्याचा मित्र, या दोघांच्या मधून या कायद्याने एक रेघ ओढलेली आहे, आणि त्या दोघांनाही तिचा पत्ता नाही. व्यासपीठावरून बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, हे दोघे येथे एकाच वयाचे असतात. तेव्हा या विषयावर मुलांना बोलावयास शिकविण्यापूर्वी शोधावयास शिकविणे अगत्याचे ठरते.

संशोधन हा शब्द ऐकताच नववी-दहावीचे शिक्षक दचकण्याचा संभव आहे. प्रबंध, तळटीपा आणि पदवी यांचा येथे काही संबंध नाही. एखादी गोष्ट ठाऊक आहे असे वाटते ती कशावरून, ती कोठे लिहिलेली आहे, कोणी लिहिली आणि कोणत्या कामासाठी लिहिली, एवढे विचारण्याची सवय लागली तरी शाळेच्या वयाला ते पुष्कळ झाले.

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे पडते. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो उच्चारताना कोणाची जीभ अडखळत नाही. १८९७ च्या रिफॉर्मेटरी शाळांविषयीच्या कायद्याने अशा मुलास ‘तरुण गुन्हेगार’ म्हटले होते. १९८६ च्या कायद्याने तो शब्द सोडून ‘अपचारी’ म्हटले, आणि २००० च्या कायद्याने जो शब्द स्वीकारला त्याचे मराठी रूप ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असे झाले. शब्द जड आहे. सरकारी भाषांतरकारांच्या हातून निघालेल्या पुष्कळ शब्दांप्रमाणे तो घशाखाली उतरण्यास घोटभर पाणी लागते, हे कबूल केले पाहिजे. परंतु दोन शब्द शेजारी ठेवून मुलांना विचारावे की या दोहोंत फरक कोणता? पहिल्या शब्दात गुन्हा ही त्या मुलाची जणू जात होऊन बसते. दुसऱ्यात तो मुलगा मुलगाच राहतो आणि कायद्याशी त्याचा जो खटका उडाला तो वेगळा दिसतो. शिवाय चौकशी पुरी होण्याआधीच ‘गुन्हेगार’ म्हणणे हे निकाल आधी व सुनावणी मागून अशा थाटाचे होते. २०१५ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात जी तत्त्वे सांगितली आहेत, त्यांत मुलाला कलंक लागेल असे शब्द कामकाजात वापरू नयेत, हे एक स्वतंत्र तत्त्वच आहे. आठवडाभर घरी येणारी वर्तमानपत्रे चाळून मथळ्यांत कोणता शब्द आला याची नोंद करण्यास मुलांना सांगितले, तर कायद्याची भाषा आणि लोकांची भाषा यांत किती अंतर आहे हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

शब्दांची झाडाझडती झाली की वयाच्या आकड्याकडे वळता येते. बालपण अठराव्या वर्षी संपते हे मुलांना सूर्योदयासारखे नैसर्गिक वाटते. प्रत्यक्षात हा आकडा पुष्कळ हललेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य हा गुन्हा नव्हे असे ठरविले, आणि सात ते बारा या वयात त्याची समज पाहावी असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही खालची मर्यादा तशीच आहे. वरच्या मर्यादेचा इतिहास मात्र अस्थिर. १८९७ च्या कायद्याचा लाभ पंधरा वर्षांखालील मुलग्यांपुरता होता. तुरुंगांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या १९१९-२० च्या समितीने मुलांना प्रौढ कैद्यांत ठेवू नये आणि त्यांच्यासाठी निराळी न्यायालये असावीत असा आग्रह धरला. मग मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये आपापला बालक कायदा केला. पुढची साठ-बासष्ट वर्षे हा विषय प्रांतोप्रांतीचा राहिला. कोठे असा कायदा होता, कोठे नव्हता. कोठे होता पण अंमलात आणलेला नव्हता. एका राज्यात जो मूल ठरे, तो रेल्वेने सीमा ओलांडताच प्रौढ ठरू शके. जम्मू-काश्मीर वगळता सर्व देशासाठी एकच कायदा झाला तो १९८६ मध्ये, आणि त्यात मुलग्यांचे बालपण सोळाव्या वर्षी व मुलींचे अठराव्या वर्षी संपत होते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये संमत केलेला बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला; त्यानंतर २००० च्या कायद्याने दोघांसाठीही अठरा हे वय ठरविले. वर्गाच्या भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी लावून त्यावर ही साले आणि ही वये मांडली, की ही मर्यादा माणसांनी कारणे देऊन ठरविली आहे आणि ती कारणे कोठेतरी लिहिलेली असलीच पाहिजेत, हे मुलांच्या ध्यानात येते.

त्या पट्टीच्या उजव्या टोकाशी मात्र थोडे थांबावे लागते. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला आणि पुढे त्यात तिचा प्राण गेला. त्या प्रकरणातील सहा आरोपींपैकी एक अठरा वर्षांच्या आतला होता. बाल न्याय मंडळाने ३१ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याचा आदेश दिला. त्या वेळच्या कायद्यात याहून अधिक काही करता येत नव्हते. २० डिसेंबर २०१५ रोजी तो सुटला, आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. या दोन तारखा पाहिल्या की मुले तत्काळ निष्कर्ष काढतात : तो सुटला म्हणून कायदा झाला. शिक्षकाने येथे होकार देण्याची घाई करू नये. तेच विधेयक लोकसभेने ७ मे २०१५ रोजी, म्हणजे सुटकेच्या सात महिने आधीच संमत केले होते, ही तिसरी तारीख मुलांनाच सापडू द्यावी. मग चौथी : २३ जानेवारी २०१३. दिल्लीतील त्याच घटनेनंतर फौजदारी कायद्यात सुधारणा सुचविण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने त्या दिवशी अहवाल दिला, आणि वय सोळावर आणण्याची शिफारस करण्यास तिने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी जुलै महिन्यात वय खाली आणण्याची मागणी मान्य केली नाही. असे असता संसदेने निराळा निर्णय का घेतला, हे सभागृहातील चर्चेच्या इतिवृत्तात वाचावयास मिळते. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही, हे तर्कशास्त्राचे सूत्र पाठ करून घेण्यापेक्षा चार तारखा जुळविताना लवकर उमगते.

आणि नवा कायदा म्हणतो तरी काय? वादविवाद स्पर्धेतल्या दोन्ही पक्षांची अशी समजूत दिसते की आता सोळा वर्षांवरील मुलांना सरसकट प्रौढांप्रमाणे शिक्षा होते. कायद्याचे पंधरावे कलम समोर ठेवले की ही समजूत गळून पडते. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली आहे असा ‘घृणास्पद’ अपराध असला, आणि त्या वेळी मुलाला सोळा वर्षे पूर्ण झालेली असली, तरच हा प्रश्न उद्भवतो. तेव्हाही एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, ज्यांत एक तरी स्त्री असलीच पाहिजे, अशा मंडळाने त्या मुलाची मानसिक व शारीरिक कुवत, परिणामांची त्याला असलेली जाण आणि कृत्य घडले ती परिस्थिती यांचा प्राथमिक अदमास घ्यावयाचा असतो. मंडळाने प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठविले तरी त्या न्यायालयाने पुन्हा स्वतः विचार करावयाचा असतो. फाशी, किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप, अशा मुलाला देता येत नाही. हे वाचून एखाद्या विद्यार्थ्याचे मत बदलेल, एखाद्याचे बदलणार नाही. ज्याला हा कायदा फार सौम्य वाटतो त्याने तसे वाटून घेण्यास हरकत नाही. पण आता तो ज्या कायद्याला सौम्य म्हणतो तो खरोखरीचा असतो.

सर्व वाद वयावर येऊन ठेपतो हे एकदा कळले की एक साधा प्रश्न उरतो, आणि तोच वर्गात सर्वांत अधिक रंगण्याजोगा आहे. वय ठरवावयाचे कशावरून? कायद्याच्या चौऱ्याण्णवाव्या कलमाने याचा क्रम लावून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला. आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे एखाद्या मुलाने मंडळापुढे उभे राहावयाचे की सत्र न्यायालयापुढे, हे पुष्कळदा शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीवर ठरते.

ती ओळ कशी लिहिली जाते हे मुलांनी आपापल्या घरी विचारून यावे. महाराष्ट्रातील कोणत्याही वर्गात आजी-आजोबांच्या जन्मतारखा गोळा केल्या, तर १ जून ही तारीख इतक्या जणांची निघेल की त्या एका दिवशी गावेच्या गावे जन्माला आली असावीत असे वाटावे. याचे कारण ग्रहांत नाही, गुरुजींच्या टाकात आहे. घरी कोणी जन्मतारीख लिहून ठेवलेली नसे. जूनमध्ये शाळा उघडे. नाव घालावयास आणलेल्या मुलाकडे पाहून गुरुजी अंदाजाने वय धरीत आणि १ जून अशी नोंद करून मोकळे होत. ज्या प्रांतांत शाळा जुलैमध्ये उघडते तेथे हाच मान १ जुलैकडे जातो. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. पण आपण पेन्शनीचीच नव्हे तर कदाचित एखाद्या खटल्याचीही तारीख लिहीत आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही नसे.

शाळेच्या नोंदीला किती किंमत असू शकते याचे एक उदाहरण पुण्याशी निगडित आहे. तेथे १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. ज्यांना फाशीची शिक्षा झाली त्यांतील एकाची शिक्षा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. गुन्ह्याच्या दिवशी आपण अल्पवयीन होतो हा मुद्दा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो अशी तरतूद २००६ पासून कायद्यात आहे. तिचा आधार घेऊन त्या कैद्याने राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेचा दाखला पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले. दाखल्यावरील तारखेप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. शाळेच्या नोंदीतले नाव आणि खटल्याच्या कागदांतले नाव एक नव्हते. दोन्ही नावांचा माणूस एकच काय, हेही तपासावे लागले. अखेरीस मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दाखला ग्राह्य धरून त्याला सोडून देण्याचा हुकूम केला. कायद्याप्रमाणे ज्याला फार तर तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते, त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, आणि त्यातील बराचसा फाशीच्या छायेत.

हे प्रकरण वर्गात मांडताना मृत्यू पावलेल्या सात जणांना शिक्षकाने पडद्याआड ढकलू नये. दाखला खरा ठरला म्हणून त्या घरावर कोसळलेला प्रसंग हलका होत नाही, आणि तो प्रसंग भयंकर होता म्हणून साडेबारा वर्षांचे वीस होत नाहीत. मुलांना हे दोन्ही एकाच वेळी मनात धरता येते. पुष्कळदा मोठ्यांनाच ते जमत नाही. त्यांना विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ज्या दाखल्यावर अखेर सर्व काही ठरले, तो १९९४ सालीही त्या शाळेच्या दप्तरात होताच. मग एवढी वर्षे तो कोणी मागितला कसा नाही? आरोपीच्या वयाची विचारपूस कोणी करावयाची असते : पोलिसांनी, वकिलांनी, दंडाधिकाऱ्यांनी? या एका प्रश्नाच्या मागे लागले म्हणजे न्यायव्यवस्थेतील प्रत्येक माणसाचे काम काय आहे, हे आपोआप शिकून होते. शिवाय शाळेची नोंद विश्वसनीय का मानतात आणि केव्हा मानू नये, याचाही विचार होतो. नोंद झाली तेव्हा पुढे खटला होणार हे कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून तिचे वजन अधिक; पण गुरुजींचा १ जूनही तितक्याच निष्पापपणे लिहिलेला असतो.

आकड्यांच्या बाबतीत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच की ते मुलांनी स्वतः भागून पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्ह्यांची नोंद झाली, आणि अल्पवयीनांविरुद्ध नोंदलेली प्रकरणे ३०,५५५ होती. भागाकार केला की दर दोनशे गुन्ह्यांत साधारणपणे एक येतो. मुलांतील गुन्हेगारीचा महापूर आला आहे, असे ऐकत आलेल्या वर्गाला हा भागाकार काही काळ गप्प करतो. पण तेथेही थांबू नये. २०२० मध्ये हीच प्रकरणे २९,७६८ होती आणि २०२१ मध्ये ३१,१७०. एवढे दोनच आकडे घेतले तर वाढीचा मथळा तयार होतो; परंतु २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, आणि २०२२ मध्ये आकडा पुन्हा खाली आला. नोंदलेले प्रकरण म्हणजे सिद्ध झालेला अपराध नव्हे, आणि ज्या अपराधाची फिर्यादच झाली नाही तो या कोष्टकात कधीच येत नाही, हेही एखादी चौकस मुलगी विचारल्यावाचून राहणार नाही.

एवढी तयारी झाल्यावर मुले हमखास एक मागणी करतात. त्यांना ती मुले प्रत्यक्ष पाहावयाची असतात. निरीक्षणगृहाची भेट ठरवा, त्यांच्या मुलाखती घेऊ, असा आग्रह सुरू होतो. हेतू चांगला असला तरी शिक्षकाने येथे स्पष्ट नकार द्यावा. अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाने मनाई केली आहे. उल्लंघन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शिक्षेच्या भीतीपेक्षाही मोठे कारण आहे. गणवेशातली चाळीस मुले रांगेने जाऊन आपल्याच वयाच्या मुलांकडे दारातून पाहून येतात, याला अभ्यास म्हणणे कठीण. प्राणिसंग्रहालयाच्या सहलीशी त्याचे साम्य अधिक. आणि जो मुलगा उद्या सुटून कोणत्या तरी शाळेत पुन्हा नाव घालणार आहे, त्याच्या बाकाशेजारी त्याला पाहून गेलेला कोणी बसलेला नसावा, एवढी दया त्याच्या वाट्याला यावी. याचीच दुसरी बाजू अशी की ज्या वर्गात हा विषय शिकविला जातो, त्याच वर्गात एखाद्याचा भाऊ मंडळापुढे उभा राहिलेला असू शकतो. तो मुलगा या तासाला खाली मान घालून बसेल. शिक्षकाने त्याला काही विचारू नये, आणि इतरांपैकी कोणाच्या तोंडून गल्लीतले एखादे नाव निघू लागले तर तेथेच थांबवावे. बातमीत नाव छापलेले नाही, पण गाव, वडिलांचा धंदा आणि इयत्ता छापली आहे, अशी कात्रणे तपासून त्यातून कोणाला काय ओळखता येईल हे मुलांनी शोधावे; नाव न छापताही नाव कसे सांगितले जाते हे त्यांना कळेल. प्रत्यक्ष माहितीसाठी परिवीक्षा अधिकाऱ्यांना किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना वर्गात बोलवावे. ते नावे न घेता कामाची रीत सांगू शकतात.

मग मुलांना पाहिल्याशिवाय त्यांच्या स्थितीचा शोध घेता येतो काय? येतो, आणि या देशातील या क्षेत्रातला एक फार मोठा शोध एका साध्या प्रश्नाने सुरू झाला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करून मागितले होते ते असे : सोळा वर्षांखालील मुले देशातील तुरुंगांत असतील तर ती सोडावीत, अशी मुले किती व कोठे आहेत याची संपूर्ण माहिती न्यायालयापुढे आणावी, आणि त्यांच्यासाठी न्यायालये व गृहे कोठे कोठे आहेत हेही सांगावे. किती व कोठे, एवढेच. परंतु या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका कचेरीत तयार नव्हते. न्यायालयाला जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायाधीशांना तुरुंग पाहून अहवाल पाठविण्यास सांगावे लागले. १९८६ च्या आदेशात न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले, त्यांच्यावरील तपासाला आणि खटल्याला मुदत घालून दिली, आणि सर्व देशाला एकच कायदा असावा असे सुचविले. त्याच वर्षी संसदेने तो केला. पुढची हकिकत मुलांना मुद्दाम सांगावी. विलंबाला आणि तारखांना कंटाळून १९८८ मध्ये शीला बारसे यांनी अर्ज मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने सांगितले की हा अर्ज आता त्यांच्या एकटीचा राहिलेला नाही. त्यांचे नाव कमी करण्यात आले आणि प्रकरण विधी साहाय्य समितीच्या हाती पुढे चालू राहिले. ज्या बाईने प्रश्न विचारला ती त्यातून बाहेर पडली आणि प्रश्न तसाच उभा राहिला, यात कोणाचा विजय झाला आणि कोणाचा पराभव, यावर दहावीच्या वर्गात उत्तम चर्चा होऊ शकते.

किती व कोठे, हे विचारण्यासाठी आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा ‘नागरिक’ म्हणतो, वयाची अट घालीत नाही. केंद्र सरकारच्या कचेरीसाठी दहा रुपये शुल्क भरले की पुरते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र प्रश्न नीट घातला पाहिजे, आणि तो घालण्याचा सराव हाच या साऱ्या शिक्षणातील कष्टाचा भाग आहे. ‘आपल्या जिल्ह्यात मुलांना न्याय मिळतो काय?’ असे विचारले तर कोणताही माहिती अधिकारी निश्चिंत मनाने हा अर्ज निकाली काढील, कारण मत देणे त्याचे काम नव्हे. कायदा सांगतो की मंडळापुढील चौकशी मुलाच्या पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत आणि फार तर आणखी दोन महिन्यांत संपली पाहिजे; किरकोळ अपराधाची चौकशी त्या मुदतीतही संपली नाही तर ते प्रकरणच बंद होते. तेव्हा प्रश्न असा घालावा : गेल्या ३१ मार्च रोजी सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित असलेली प्रकरणे किती, त्यांतील किरकोळ अपराधांची किती, त्या वर्षात मंडळाच्या बैठका किती झाल्या, परिवीक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? यात कोणा मुलाचे नाव नाही, कोणावर आरोप नाही, आणि उत्तर देणाऱ्याला पळवाटही नाही.

निदान तसे वाटते. कारण महिन्याभराने जे उत्तर येते त्यात एखाद्या रकान्यासमोर ‘निरंक’ असा शब्द लिहिलेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. सरकारी दप्तराला या शब्दाइतका विसावा दुसऱ्या कोणत्याही शब्दात मिळत नाही. मुलांना आधी तो शब्दकोशात पाहावा लागेल. मग कोणीतरी आनंदाने सांगेल की प्रलंबित प्रकरण एकही नाही. त्या वेळी शिक्षकाने एवढेच विचारावे की ‘निरंक’ म्हणजे प्रकरण नाही की मोजदाद नाही? मोजदाद झाली असेल तर ती कोणत्या नोंदवहीवरून झाली? त्याच उत्तरात मंडळाच्या वर्षभराच्या बैठकांसमोरचा रकानाही कोरा असेल, तर या दोन रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो काय? फळ्यावर दोन्ही ओळी लिहून वर्गाला विचार करू द्यावा. पहिले अपील करण्यास तीस दिवसांची मुदत असते, आणि त्याचा मसुदा मुलांनी स्वतः करावयाचा आहे.